आमेन कुणी म्हणायचं?

"ऑर्गन वाजवण्यात असतं काय एवढं? पियानोच तो, चार बटणं जास्त असलेला," असं झेनोबियाने शनिवारी सकाळी जाहीर केलं आणि मक्याच्या सांज्यावर लोण्याचा गोळा थापला. आत्मविश्वास तिला त्या उन्हाळ्यातच फुटला होता, अक्कलदाढ फुटावी तसा. फरक इतकाच, की दुखत होता तो घरातल्या इतरांना!

कारणही तसंच होतं. मेम्फिसमधल्या त्यांच्या लाल विटांच्या चर्चमध्ये झेनोबियाच्या जन्माआधीपासून ऑर्गन वाजवणाऱ्या ओडेसाबाई लेकीच्या बाळंतपणाला डेट्रॉइटला गेल्या होत्या, आणि परत आल्यावर त्या निवृत्तच होणार होत्या. म्हणजे ती जागा रिकामी! चर्चमधल्या ज्येष्ठ बायकांच्या मनात नदीपलीकडचा, आर्कान्सातला एक चकचकीत बूटवाला वादक होता. त्यांच्या म्होरक्या टॉलिव्हरआजी तर विचारत होत्या, की या पोरीचे पाय ऑर्गनच्या खालच्या, पायाने दाबायच्या पट्ट्यांना पोचतात तरी का. शेवटी पिकेट पाळकसाहेबांनी रदबदली केली. एक रविवार आपल्या पोरीला देऊन बघा. जमलं तर खुर्ची तिची, नाही जमलं तर आर्कान्साचे बूट.

आईने मात्र एकच अट घातली. ल्यूशस मामाने शिकवलेलं काही म्हणता काही तिथे वाजवायचं नाही. ल्यूशस मामा म्हणजे आईचा भाऊ. शनिवारी रात्रभर ब्लूजच्या अड्ड्यावर पियानो वाजवायचा आणि रविवारी देव उठला तरी हा उठायचा नाही. झेनोबियाचे हात त्यानेच घडवले होते. त्याचं म्हणणं असं, की ब्लूज काय नि भजन काय, पीठ मक्याचंच. रात्री तळलं तर वडा, सकाळी भाजलं तर भाकरी. पाळकसाहेबांना हे अर्थातच मान्य नव्हतं. त्या रविवारचा त्यांचा विषयच मुळी 'सैतानाचं संगीत' होता.

रविवारी झेनोबिया आईच्या उंच टाचांच्या चपला घालून ऑर्गनवर बसली. सुरुवातीची गीतं अशी झाली, की पंखे हलवणाऱ्या बायका पंखे विसरल्या. ड्रमवरचे बर्नेलकाका तिच्याकडे बघून भुवया उडवायला लागले. झेनोबियाने मनातल्या मनात खुर्चीला नवी, जांभळी गादीसुद्धा शिवून टाकली.

मग उपदेश सुरू झाला. पाळकसाहेबांनी आधी ब्लूजला झोडपलं, मग ब्लूजची पोरंबाळं म्हणून रॉक, सोल, रॅप अशी सगळी वंशावळ झोडपली, आणि शेवटाकडे आले तसा त्यांचा आवाज गायला लागला. त्यांच्या चर्चमध्ये हे असंच असतं. पाळकाने एक ओळ ताणायची, ऑर्गनने तिला उत्तर द्यायचं. दुसरी ओळ, दुसरं उत्तर. होता होता कोण बोलतंय आणि कोण वाजवतंय हे कळेनासं झालं, की समजायचं, रंग भरला.

रंग भरला. भरला, आणि भरतच राहिला!

त्याचं असं, की हे सगळं थांबवायच्या त्या ओडेसाबाई. पाळक दमले, की त्या अलगद सूर खाली आणायच्या, एक सूर लांब धरायच्या, आणि पाळकसाहेब रुमालाने तोंड पुसत खाली बसायचे. इतकं अलगद, की आपण स्वतःच थांबतो असं पाळकसाहेबांनासुद्धा वाटत आलं होतं. झेनोबियाने हे कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्या वेळी तिचं सगळं लक्ष दुपारच्या जेवणाकडे असायचं. ती समजत होती, पाळक बोलतायत तोवर उत्तर देणं आपलं कर्तव्य. पाळक समजत होते, ऑर्गन उत्तर देतोय तोवर पवित्र आत्म्याला अजून काहीतरी सांगायचंय.

पाळकसाहेब बायबलातल्या सिंहांच्या गुहेतून बाहेर आले, तांबडा समुद्र ओलांडून पलीकडे गेले आणि बोलायला काही उरलं नाही म्हणून ओलांडून परत आले. नोहाच्या तारवात त्यांनी प्राण्यांच्या जोड्या चढवल्या, उतरवल्या, पुन्हा चढवल्या. त्यांचा आवाज कुजबुजीवर आला. झेनोबियाला वाटलं, अहाहा, आता हळुवार भाग! तिने इतकं गोड उत्तर दिलं, की पाळक बिचारे दचकून पुन्हा तारस्वरात गेले.

तोवर समोरच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चमधली उपासना सुटली होती. त्यांच्या गाड्या माशांच्या खाणावळीकडे वळताना खिडकीतून स्पष्ट दिसत होत्या. तळलेला मासा कुणाच्या पानात पडणार हे उघड होतं! दाराशी उभ्या स्वयंसेवकाने झेनोबियाकडे बघून वर बोट केलं. वर भिंतीवर घड्याळ होतं. पण वादकांच्या खुणांत वर बोट म्हणजे सूर एक पायरी चढव. झेनोबियाने चढवला. टॉलिव्हरआजींनी डोळे वटारून बोट वर केलं. तिने आणखी एक पायरी चढवला. मग सगळ्या बाकांवरून बोटं वर व्हायला लागली आणि झेनोबिया धन्य झाली. एवढी दाद ओडेसाबाईंनाही कधी मिळाली नसेल! पाळकसाहेबांचा आवाज आता चहाच्या किटलीच्या शिट्टीला जाऊन भिडला होता.

शेवटी बर्नेलकाका ड्रम बडवता बडवताच वाकले.

"पोरी, थांबव आता. माझ्या खांद्याचा खुळखुळा झालाय."

"मी? मला वाटलं, ते थांबवतील."

"त्यांना आजवर कधी स्वतःहून थांबता आलंय का?"

जांभळी गादी आर्कान्साच्या बुटांखाली गेलेली झेनोबियाला दिसली. थांबवायचं कसं? डोकं रिकामं झालं, आणि डोक्याची वाट न बघता हातच कामाला लागले. हातांना शेवट म्हणून एकच धून येत होती. मामाच्या अड्ड्यावर दिवे लागले, खुर्च्या उलट्या टेबलांवर चढल्या, की मंडळींना घरी धाडायला वाजायची ती! झेनोबियाने ती भजनासारखी संथ केली, सूर थरथरवले आणि डोळे मिटून देवाची माफी मागितली.

पहिल्याच ओळीला टॉलिव्हरआजींचा हात पर्सकडे गेला. दुसऱ्या ओळीला ज्येष्ठ बायकांची अख्खी रांग उठून हॅट्स नीट करायला लागली. म्हातारे कोट चढवू लागले. कुणीतरी बायकोच्या कमरेत हात घातला. बर्नेलकाकांनी काठ्या खाली ठेवून मऊ ठेक्याचे ब्रश उचलले आणि न सांगता नेमका ठेका धरला. तरुण मंडळी मात्र बाकांवर तशीच, आईबापांकडे आ वासून बघत बसलेली. पाळकसाहेबांनी वाक्य अर्ध्यात सोडलं, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दमलेल्या, प्रेमळ आवाजात म्हणाले, "चला मंडळी, सांभाळून जा."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण चर्चमध्ये आहोत.

सगळे जिथल्या तिथे थिजले. टॉलिव्हरआजींचा एक हात पर्समध्ये, एक हॅटवर. झेनोबियाने सूर लांब धरला, सोडला आणि खाली मान घालून पुटपुटली, "आमेन." त्यावर अख्ख्या चर्चने इतक्या जोरात आमेन म्हटलं, की खिडक्या थरथरल्या.

बाहेर पायऱ्यांवर जो तो खुलासे देत होता. कुणाचे गुडघे आखडले होते, कुणाचं औषध घ्यायचं होतं. पाळकसाहेब किल्लीने कान खाजवायचा होता असं सांगत होते. झेनोबिया खांबाआड उभी राहून निकालाची वाट बघत होती. ज्येष्ठ बायकांची बैठक तिथेच, उभ्याउभ्या झाली आणि लगेच संपली. पोरीला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ती धून ओळखली कुणी, हेही सांगावं लागलं असतं.

टॉलिव्हरआजी खांबाजवळ आल्या.

"खुर्ची तुझी," त्या म्हणाल्या. "ओडेसा आली की तिच्याकडून थांबायला शीक."

झेनोबियाची मान ताठ झाली. आईकडे बघून ती हसणार, तेवढ्यात आजींनी तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं आणि कानाशी लागल्या.

"आणि दुसऱ्या कडव्यात सूर खाली येतो, वर नाही जात. तिथेच जोडीदाराला गिरकी द्यायची असते. मामाला म्हणावं, पोरीला अर्धवट शिकवू नकोस."