नाना, दार लावा

सुपडूनानांनी आयुष्यभर लिफ्ट विकल्या, पण लिफ्टचं दार लावायचं काही त्यांच्या लक्षात राहत नसे.

जळगावातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. जाळी उघडी राहिली की लिफ्ट तिथेच अडून बसायची. मग खाली पिशव्या घेऊन ताटकळणाऱ्याने जिन्यात तोंड वर करून ओरडायचं, "नाना, दार लावा." चौथ्या मजल्यावरून नानांचं अहिराणीत उत्तर यायचं, "लाई दिन्हं, भाऊ." दार दुसऱ्या कोणी उघडं टाकलं असेल अशी शंकासुद्धा कोणाला यायची नाही.

नाना मूळचे शिरपूरकडचे, धुळ्याच्या एका छोट्या लिफ्ट कंपनीचे विक्रेते. शिंदखेड्यात दुमजली घराचंही कौतुक होतं, त्या काळात हा माणूस तिथे लिफ्ट विकायला जायचा. लोक चहा पाजून वाटेला लावत. पुढे इमारती उंच झाल्या, तोवर परदेशी कंपन्या येऊन पोचल्या आणि नानांची कंपनी बसली. "कॉम्पिटिशन शे, भाऊ," एवढंच ते म्हणत. वांगी महागली तरी कॉम्पिटिशन, सुरतेला दिलेल्या मुलीचा फोन आला नाही तरी कॉम्पिटिशन.

जगभरातल्या लिफ्टच्या बातम्या मात्र ते भावकीतल्या बातम्यांसारख्या सांगत. मी दूध आणायला निघालेलो असायचो आणि नाना जिन्यात अडवायचे. "जर्मनीमा लिफ्ट आडवी चालस. दोर नहीं, बठ्ठा खेळ चुंबकवर." मी म्हणायचो, छान. "छान काय? जपानवाला गप बसी का?" जपान काय करणार याची काळजी घेऊन मी दुधाला जायचो.

धुळ्याला एका लग्नात तर ते हॉटेलच्या नव्या लिफ्टमधून खाली-वर करत राहिले. पंगत उठली, वरण-बट्टी संपली. शेवटी नवरीच्या मामाने त्यांना लिफ्टमधून बाहेर काढलं.

असा माणूस नव्या लिफ्टला विरोध करील असं कोणाला वाटलं असतं? पण सोसायटीने जुनी काढायचं ठरवलं आणि नाना हटून बसले. ती लिफ्ट त्यांनीच विकलेली, म्हणून जीव अडकला असेल, असं आम्ही समजलो. बैठकीला कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. वेग, विजेची बचत, बिघाड झाला तर लिफ्ट स्वतःच कंपनीला कळवते, सगळं सांगून झालं. नानांनी एकच विचारलं, "दार उघडं राहिलं तर?"

"राहूच शकत नाही, काका. आपोआप लागतं."

नाना खाली बसले. आम्हाला वाटलं, पटलं.

नवी लिफ्ट आली. गुळगुळीत, मुकी, भलती शहाणी. जिन्यातली ओरड थांबली, आणि नानाही दिसेनासे झाले. एका दुपारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. टीव्ही बंद. गॅसवर एका माणसाची खिचडी. त्यांच्या बायको, अक्का, गेल्यापासून ते एकटेच होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याही ध्यानात नव्हतं.

"जपान काय म्हणतो?" मी विचारलं.

"जाऊ दे जपान." मग खिचडी ढवळत म्हणाले, "दार लावानं मी कधीच इसरनू नहीं, भाऊ. मुद्दाम उघडं ठेवायचो. दिवसातून कोणी तरी 'नाना' म्हणायचं."

अख्खी बिल्डिंग इतकी वर्षं या माणसावर वैतागत होती, आणि त्याला तेवढ्या वैतागाचाही आधार होता. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरताची वांगी घेऊन आलो. लिफ्ट तयारच होती, दार उघडून. एक पाय आत टाकला आणि मागे घेतला. जिन्यापाशी गेलो, तोंड वर केलं आणि ओरडलो, "नाना, दार लावा."

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मग वर दाराची कडी वाजली.

"लाई दिन्हं, भाऊ."

माझं घर तिसऱ्या मजल्यावर. वांगी घेऊन मी जिन्याने चौथ्यावर गेलो.