व्हर्लीनबाई गिटन्स यांची बेकारभत्त्यावरील मोहीम

समस्त शहाण्यासुरत्यांनीं पंखा आपलेकडे वळवून, चित्त ठिकाणीं ठेवून ऐकावें. समुद्रवलयांकित बार्बाडोस बेट, परगणे सेंट जेम्स, मौजे रॉक डंडो येथील राहणार, धुलाईखान्याच्या दारोगा, भिशीच्या खजानची, अखंडितप्रतापी व्हर्लीनबाई गिटन्स यांनीं बेकारभत्त्याच्या कचेरीवर चालोन जाऊन अडकलेला ऐवज सोडवून आणिला, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहितों. पदरचें यांत कांहीं नाहीं. थोडी मिरची असेल, ती या बेटावर सर्वच पदार्थांत असते.

किनाऱ्यावरील ‘टर्टल लँटर्न’ हॉटेल बहुत नामांकित. तेथें बाईंचा अंमल धुलाईखान्यावर चाले, आणि चादरीची घडी ऐसी बसे कीं विलायतेचे पाहुणे ती मोडावयास कचरत. मग पाहुणे आटले, आणि मालक कॅनडा मुलुखीं निघोन गेले, आणि फाटकास साखळी पडली, आणि मॅनेजर सेल्विन ट्रॉटमन यांनीं आपले हातें एकेकास निरोपाची चिठी दिधली. बाईंस चिठी देतां त्यांनीं खालीं पाहिलें, मुखांतून अक्षर काढिलें नाहीं. तो सल बाईंचे मनीं राहिला.

भत्त्याचा अर्ज तत्काळ गुदरला. महिना गेला, दुसरा गेला, ऐवज येईना. बाईंस उपाशी राहण्याचें भय नव्हतें. भय होतें तें भिशीचें. गांवचे लोक दर शुक्रवारीं बाईंचे हातीं पैसे ठेवीत, आणि कागद नाहीं, जामीन नाहीं, केवळ बाईंचा शब्द. खजानचीचाच हप्ता चुकला तर शब्दाची काय किंमत राहिली? मग बाईंनीं शिलाईमशीन विकलें, आणि मग कोंबड्या विकल्या, आणि मग विकावयास घरांत कांहीं उरलें नाहीं.

शेजारीण ओरिएल समजूत घालावयास आली.

“अगं, एक हप्ता राहिला तर कोण खातंय तुला?”

“खाणार कुणी नाही गं. कुजबुजतील. त्यापेक्षा खाल्लेलं बरं.”

ऐसें बोलोन बाईंनीं मसलत मुकर्रर केली. रविवारी चर्चमध्यें घालावयाची पिसाची टोपी शिरीं चढविली, खोबऱ्याच्या पावाची शिदोरी घेतली, आणि मिनीबसमध्यें आरूढ होऊन ब्रिजटाऊनावर चालोन गेल्या.

कचेरींत एसीची थंडी ऐसी कीं कोंबडी ठेविली तर महिनाभर टिकावी. बाईंनीं नंबराची चिठी घेतली, आणि शिदोरी संपली, आणि मग खिडकीशीं गांठ पडली. खिडकीचा किल्ला मिस यिअरवुड नामें तरुण मुलगी लढवीत होती.

“प्रक्रियेत आहे, आंटी.”

“मागच्या वेळीही प्रक्रियेतच होतं.”

“अजून आहे.”

“प्रक्रिया म्हणजे काय गं बाळ, कबरस्तान आहे का? आत गेलेलं बाहेर येतच नाही!”

सारा दिवाणखाना हंसला. मिस यिअरवुड हीसही हंसूं आवरेना. मग तिनें संगणकांत खोलवर पाहिलें, आणि हुकूम सांगितला तो ऐसा: हॉटेलनें चाकरी संपल्याचा दाखला धाडिलाच नाहीं, अधिकाऱ्याची सही नाहीं तोंवर भत्ता नाहीं.

अधिकारी तों एकच, ट्रॉटमन. त्यांचा फोन बंद, घराचे पडदे बंद. बाई क्रोधायमान होऊन माघारीं वळल्या, तों तिसऱ्या रांगेंत एक गृहस्थ दृष्टीस पडले. त्या काळोख्या थंडींत काळा चष्मा, आणि गवताची टोपी भुवयांपर्यंत. बाईंनीं मोहरा त्यांजवर वळविला.

“ट्रॉटमन साहेब! ऊन फार आहे का इथे?”

“मिस व्हर्लीन, जरा हळू बोला.”

“हळू? माकड जितकं उंच चढतं तितकं शेपूट दिसतं, ऐकलंयत ना?”

ट्रॉटमन यांनीं मूठ उघडली. आंत नंबराची चिठी होती.

“उतरलोय मी खाली. माझा नंबर तुमच्या मागे आहे.”

मग त्यांनीं सर्व हकीगत कथिली. मालक फोन उचलीत नाहीं, त्यामुळें त्यांचाही दाखला नाहीं, त्यांचाही भत्ता अडकला.

“मग माझ्या दाखल्यावर तरी सही करायची होतीत!”

“अधिकार कुठे होता? शेवटची चिठी माझ्याच नावाची होती, मिस व्हर्लीन. टाइपही मीच केली. तुमच्याकडे बघून काय बोलणार होतो मी?”

हें ऐकतांच बाईंची उपसलेली जीभ आपोआप म्यान जाहली. त्या शेजारील खुर्चीवर बसल्या. मग बाईंनीं त्यांस दंडास धरोन उठविलें, आणि खिडकीवर जोडीनें हल्ला केला. मिस यिअरवुड हिनें जाडजूड नियमावली उलटीपालटी केली, आणि एके ठिकाणीं बोट ठेविलें: कंपनी बंद पडोन मालक मिळत नसेल, तर दोघां चाकरमान्यांनीं मॅजिस्ट्रेटासमोर परस्परांविषयीं शपथ घ्यावी, ती दाखल्याजागीं चालेल.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“आधी कुणी जोडीनं आलं नव्हतं, आंटी.”

रॉक डंडोचे मानद मॅजिस्ट्रेट म्हणजे लिस्टन एव्हर्स्ली, निवृत्त हेडमास्तर. सरकारनें शिक्का दिधला तो ते चड्डीच्या खिशांत बाळगीत, कारण संध्याकाळीं त्यांचा मुक्काम रोड टेनिसच्या मैदानीं. मैदान म्हणजे डांबरी रस्ताच, मध्यें जाळ्याऐवजीं आडवी फळी. त्यांचा हुकूम जाहला जे, डाव संपल्याखेरीज शिक्का खिशांतून निघणार नाहीं. डाव एकविसाचा. दोहों बाजूंस वीस जाहले, आणि दोन गुणांची आघाडी घेतल्यावांचून कोणी जिंकेना, आणि कोणी दोन गुण पुढें जाईना, आणि सूर्य समुद्रास टेकला.

हेडमास्तरांचा प्रतिस्पर्धी मेकॅनिक डेनझिल, तिशीचा गडी. बाई चेंडू आणावयाचे मिषें त्याजजवळ गेल्या आणि भेदनीतीचा अवलंब केला.

“डेनझिल, शनिवारी पुडिंग-सूस कोण करून देणार तुला?”

“तुम्ही?”

“आत्ता हरलास तर.”

पुडिंग-सूस म्हणजे रताळ्याचें पुडिंग आणि लिंबांत मुरविलेलें डुकराचें मांस, या बेटाचें शनिवारचें पक्वान्न. पुढील दोन चेंडू डेनझिलानें ऐसे सोडिले कीं आंधळ्यासही शंका यावी. हेडमास्तरांस आली नाहीं. ते विजयश्रीनें प्रफुल्लित होऊन, घाम पुसत, शपथ घ्यावयास बसले. ट्रॉटमन यांनीं बाईंची साक्ष दिली. मग बाईंस पुसिलें, हा इसम शेवटपर्यंत कामावर होता काय?

“होता,” बाई म्हणाल्या. “सगळे गेल्यावर दिवे मालवून, कुलूप घालून, पायी घरी गेला. मी बस थांब्यावरून बघितलंय.”

ट्रॉटमन यांनीं काळा चष्मा काढून पुसला, आणि पुन्हां घातला. शिक्के उमटले.

कागद कचेरींत दाखल जाहले. पुढील गुरुवारीं उभयतां पुन्हां गेलीं, तों मिस यिअरवुड हिनें खिडकींतूनच अंगठा वर केला: दोन्ही मंजूर, रक्कम आजच बँकेंत जाईल. परतीची मिनीबस खच्चून भरली होती, गाण्यानें कांचा हादरत होत्या. होलटाऊनपाशीं बाईंचा फोन वाजला. बाईंनीं पाहिलें, आणि किंचाळल्या ऐशा कीं ड्रायव्हरानें ब्रेक दाबिला.

“आले! सगळे मागचे पैसे आले! उद्या भिशी भरली समजा!”

बसभर जयजयकार जाहला, आणि बाईंनीं सर्वांचें भाडें आपणाकडे घेतलें. मग कोणाचें तरी लक्ष ट्रॉटमन यांजकडे गेलें. त्यांचा फोन मांडीवर, निमूट.

“गिटन्स जी-वर, ट्रॉटमन टी-वर,” कंडक्टर म्हणाला. “यादी सावकाश उतरते, साहेब. घाबरू नका.”

बाईंचा थांबा आला, आणि गेला. त्या उठल्या नाहींत. इतरांचेही थांबे गेले, आणि कोणी उठेना. मिनीबस अखेरच्या थांब्यावर उभी राहिली, आणि ड्रायव्हरानें, जो जन्मांत कोणासाठीं थांबला नव्हता, गाणें बंद केलें.

“आता एस चालू असेल,” कंडक्टर हळूच बोलला.

फोन वाजला. ट्रॉटमन यांनीं पडदा वाचिला, आणि दोन्ही हातीं तोंड झांकलें, आणि बाईंनीं त्यांचे पाठीवर ऐसी थाप दिली कीं चष्मा निसटोन खालीं पडला. ड्रायव्हरानें हॉर्नावर जो तळहात ठेविला तो उचलीना.

ऐसी फत्ते जाहली. गुरुवारीं तिसरे प्रहरीं दोन्ही ऐवज बिनकसूर दाखल. आपले पक्षीं एक चष्मा जाया. शत्रुपक्षींचें नुकसान लिहावें, तर शत्रु कोण होता हें शेवटपर्यंत कोणास कळलें नाहीं. सबब ती जागा कोरी ठेविली असे.