सोनाबाईंचा पाळणा कैसा पुसला, त्याची हकीकत

श्रीनादस्वरूप देव सर्वांचे कान सावध ठेवो. शके १९३८, दुर्मुख नाम संवत्सरे, या साली सूरपेठ कैसी बुडाली, ते यथास्थित लिहावे ऐसी वडिलांची आज्ञा जाहली, त्यावरून लिहिले. संवत्सराचे नावच ऐसे, तेथे वर्तमान गोड कोठून येणार?

पूर्वी या राज्यात सूरपेठ नामे गाण्यांचा बाजार होता आणि पेठेचे सरदार दौलतराव कासार होते. रयतेने गाण्यांची यादी आणावी आणि दौलतरावांनी ती कॅसेटीत भरून द्यावी, ऐसा शिरस्ता. सरदार स्वभावे तापट, परंतु व्यवहारास चोख; भरलेली कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या कानांनी ऐकिल्याशिवाय बाहेर सोडीत नसत, मग गिऱ्हाईक दारी ताटकळो की शिव्या देवो. त्यांचे संग्रही एक कॅसेट अमोल होती. राज्यात सोनाबाई म्हणोन गाणारीण होती, तिने एके दुपारी दुकानाचे माडीवर बसोन पाळणा म्हटला, तो दौलतरावांनी भरला. आणि पाळणा सरता सरता वारा सुटला, तेव्हा सोनाबाई कोपऱ्यात खेळत्या लेकीस बोलल्या, "शेवंते, दार लाव गं, वारा येतोय," तेही भरले गेले. पुढे दोन महिन्यांत सोनाबाई तापाने वारल्या. मग दौलतरावांनी त्या कॅसेटीच्या पाठीचे दोन इवले कान मोडले, कारण कान मोडले म्हणजे तीवर दुसरे काही भरता येत नाही, आणि शेवंतेस वचन दिले की, "पोरी, मी आहे तोवर तुझी आई इथं आहे." शेवंता थोर जाहली, सासरी गेली, आणि तिजपाशीची नक्कल वाजवोन वाजवोन झिजली म्हणजे तिने यावे आणि सरदारांनी मुळावरून नवी भरून द्यावी, ऐसे तीन वेळा जाहले.

मग जाळेशाही आली. तिला गड नाही, तोफ नाही, बादशहाचे तोंड कोणी पाहिले नाही. परंतु रयतेच्या खिशाखिशात तिचे ठाणे बसले, आणि तिने डांगोरा पिटविला की जगातील यच्चयावत गाणी आम्ही वर आकाशात ठेविली आहेत, बोट लावा आणि ऐका, विकत घेण्याचे कारण काय? रयत तिकडे धावली. काल एका गाण्यासाठी ज्यांनी दुपार घालविली, ते एका दुपारी शंभर गाणी अर्धी अर्धी चाखोन टाकू लागले, आणि पेठेतील दुकाने एकामागोन एक मोबाईलच्या कव्हरांची जाहली, आणि कोरी कॅसेट औषधालाही मिळेना. दौलतराव मात्र ठाणे धरोन माशा मारीत राहिले, आणि संग्रहाच्या कॅसेटी बुरशीने गेल्या, पत्र्याच्या डब्यात जपलेली सोनाबाईंची तेवढी धड राहिली. तशात राघू लोहार म्हणोन ट्रकवाला आला. त्याचे गाडीत जुना टेप, त्यास लावण्या भरून पाहिजेत. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक दारी आले, त्यास विन्मुख कैसे धाडावे? सरदार हरखले, आणि हरखला मनुष्य आंधळा होतो. भरण्याजोगी धड कॅसेट ती एकच, म्हणोन त्यांनी मोबाईल काढोन सोनाबाईंचे नाव घातले, तो नावही आले आणि नावाखाली पाळणाही आला. "आहे की वर," ऐसे आपणाशीच म्हणाले आणि मोबाईल खिशात घातला. जन्मभर ऐकिल्यावाचून काही सोडिले नाही, ते या एकाच वेळी न ऐकता उठले. मग मोडल्या कानांचे भोकांवर चिकटपट्टी लाविली, त्यायोगे कॅसेट पुन्हा भरण्यास राजी जाहली, आणि सोनाबाईंच्या पाळण्यावर जुन्या तबकड्यांवरील लावण्या भरल्या. त्या मात्र शेवटपर्यंत ऐकिल्या. आणि राघू लोहार फिरोन आलाच नाही. त्यानेही जाळेशाहीचा कौल घेतला होता.

त्याउपरी महिन्याने शेवंताबाई आल्या. त्यांचे नकलेची फीत टेपात गुंतोन तुटली होती. दौलतराव हासत बोलले की आता झिजण्याची धास्तीच नको, तुझी आई आकाशात बसली आहे, आणि मोबाईल पुढे धरोन पाळणा लाविला. आवाज गोड, मागे तंबोरा, सारंगी, सर्व साज. शेवंताबाईंनी शेवटपर्यंत ऐकिले आणि शांतपणे म्हणाल्या, "गाते चांगली. पण ही आई नव्हे."

दौलतरावांनी मोबाईल डोळ्यांशी धरोन नाव पुन्हा वाचिले. नाव तेच, पाळणा तोच, बाई कोठल्या मुलखाची कोण जाणे. मग त्यांनी डब्यातील कॅसेट काढोन लाविली, आणि दोघांनी समोरासमोर बसोन साऱ्या लावण्या ऐकिल्या, या आशेने की सरतेशेवटी दोन शब्द तरी उरले असतील. लावण्या सरल्या, मग नुसती खरखर वाजली, आणि मग यंत्र आपोआप थांबले.

"मी ऐकलं नव्हतं गं," दौलतराव म्हणाले.

"मला ते दाराचं तेवढं पाहिजे होतं, काका," शेवंताबाई बोलल्या. बाहेर वारा सुटला होता. त्या उठल्या, उंबऱ्याबाहेर गेल्या, आणि जाता जाता आपल्यामागे दार लावोन घेतले.

ऐसी हकीकत जाहली. जाळेशाही आजही सुखरूप आहे, तिचे आकाशात कोट्यवधी गाणी आहेत आणि रयत संतुष्ट आहे. दौलतराव पुढे दोन वर्षे जगले, गाणे म्हणोन ऐकिले नाही. वारा सुटला की जागचे उठत आणि दार लावीत, ते आधीच लावलेले असले तरी.