जिथं झाड थांबते

लिंबाच्या रोपाला माझं स्वेटर घालणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. मी रोप धरलं, शेवंतानं बटणं लावली.

"अन् मी काय घालू वं?"

"तुमचं काय वाढाचं वय हाये?"

माझी बायको सोनाळ्यात झाडांचा ताप बघणारी म्हणून प्रसिद्ध होती. पूस महिन्याची थंडी पडली की अंगणातल्या एकेका झाडाला हात लावून बघायची. शेजारचे जब्बारभाई रस्त्यावरूनच ओरडायचे, "काकू, कडुनिंबाचा मफलर राह्यला ना!" ती त्यांनाच पोतं मागायची.

हे येड लागलं पोराच्या फोननं. आमचा संजू फौजेत, बर्फाच्या पहाडात. एकदा सहज बोलून गेला, "माय, आमच्या चौकीजोळ झाडच नाही. खाली मोठाली झाडं हायेत. वर येता येता गुडघ्याएवढी होतेत, अन् मंग नुसता दगड."

"काऊन रे? ऊन नाही काय तिथं?"

"ऊन लय हाये. पानं अन्न बनवतेत, पण गारठ्यात ते झाडाच्या अंगी लागत नाही. वाढाले ऊबच पुरत नाही."

शेवंताचा चेहरा उतरला. "तुह्या लागते काय रे अंगी?"

तेव्हापासून फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. जिथं झाड जगत नाही तिथं आपलं लेकरू, एवढंच डोक्यात. मी हसायचो. हसायचो, पण रात्रीच्या बातम्यांत पहाडातलं हवामान मीही ऐकायचो.

सगळ्यात मोठं भेव तिला त्याच्या सुट्टीचं. "बर्फाचा घाट उतरा लागते. घरच्या ओढीनं घाई करीन पोरगं." म्हणून त्याला कधी "लवकर ये" म्हणाली नाही. गाव म्हणे, माय मोठी कोरडी.

लिंबाला स्वेटर घातलं त्याच दिवशी संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती भिंतीला टेकली. मी हाका मारल्या. तव्यावरची भाकर जळून गेली, ती काही उठली नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, संजूले फोन लावतो. तो येईपर्यंत बर्फाच्या पेटीत ठेवू. अग्नी तं पोरानंच द्या लागते."

"तिले बर्फ लावशीन तं याद राख! अन् फोन मी लावीन."

सकाळी अग्नी मीच दिला. भावकी तोंड फिरवून उभी होती. आग निवेपर्यंत बसलो, मग संजूला फोन लावला अन् सांगितलं.

"आत्ताच निंघतो बाबा," तो रडत म्हणाला.

"घाई कायची आता? सारं झालं," मी म्हटलं. "रस्ता मोकळा झाला की निंघ."