मनोहरकाकांचा रस्ता

दुष्काळात पाण्याचा टँकर अडवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. आमच्या उस्मानपुऱ्यातले मनोहरकाका. बाया रिकामे ड्रम घेऊन ताटकळलेल्या, टँकर एकदाचा वळलेला, आणि हे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध छत्री आडवी धरून उभे. का? तर एक शेळी रस्ता ओलांडत होती.

"आधी पायी चालणारा, मग पाणी!"

"काका, घरात घोटभर पाणी नाय हो!" एक बाई ओरडली.

"म्हणून काय कायदा बदलतो व्हय?"

शेळी सावकाश गेली. टँकरवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

घरासमोर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मारून द्या, एवढीच काकांची मागणी. महापालिका म्हणे, ते काम वाहतूक पोलिसांचं. पोलीस म्हणत, रस्ता पालिकेचा. काका दोन्हीकडे जाऊन विचारत, "मग हद्द कुणाची?" मला भेटले तरी नमस्काराऐवजी हेच. शेवटी वैतागून त्यांनी हद्द स्वतःकडेच घेतली. वाळूजच्या कंपनीची बस असो की नगरसेवकाची गाडी, छत्री सगळ्यांना सारखीच.

आता गंमत अशी, की हा रस्ता रुंद व्हावा म्हणून अर्ज केले ते काकांनीच. शहर वाढतंय म्हणून स्वतःचा ओटा सगळ्यांच्या आधी पाडून दिला. केवढी ऐट होती तेव्हा! रस्ता झाला आणि गाड्या सुसाट सुटल्या. समोरच्या नूरखालांना मोटारसायकलचा धक्का बसला. त्यानंतर खाला रस्त्यावर पाऊल टाकेनात. काका हात धरायला गेले तरी, "नक्को भाऊसाब, मेरे से नै होता. पट्टे आने दो, फिर आती."

इकडे काकांच्या घरी कुसुमकाकू, त्यांची बायको, अर्धांगवायूने खाटेवर. खाला रोज दुपारी येऊन त्यांची वेणी घालायच्या, दिवस मावळेपर्यंत गप्पा चालायच्या. ते सगळं थांबलं. काकू खिडकीकडे तोंड करून पडून राहायच्या.

"लई चुकलं बघ," छत्री मिटत काका एकदा मला म्हणाले. "रस्ता मीच मागून घेतला."

काकू गेल्या त्या दिवशी माणसांच्या गर्दीने रस्ता आपोआप बंद झाला, तेव्हा खाला आल्या. पट्टे त्यानंतर आले. कुणाच्या हद्दीतून, ते कळलं नाही.

रंग वाळला त्या दुपारी खाला आपल्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. शब्द दिला होता ना. काकांनी टँकर थांबवला, रिक्षा थांबवल्या. खाला एकेक पट्टा चाचपत आल्या. कुणीही हॉर्न वाजवला नाही. मला फार वाईट वाटत होतं. दारात पोचल्यावर दोघं रिकाम्या खाटेकडे बघत राहिले.

"बसा आपा, चहा टाकतो," म्हणत काका आत गेले. थोड्या वेळाने चमचा हातात घेऊन तसेच बाहेर आले.

"साखर किती घालू, आपा? तुमचं सगळं तिलाच माहीत होतं."