डेडपॅनचं कार्ड

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागून पंधरा दिवस झाले होते आणि कोशकार त्यावर बेहद्द खूश होते. नळावर नव्हे, नळाबद्दल बायको जे बोलत होती त्यावर.

इंग्रजी-मराठी कोशात त्यांच्या वाट्याला तऱ्हेवाईक विनोदाचे शब्द आले होते: व्हिम्सिकल, राय, डेडपॅन. आपण या सगळ्यांना 'विनोदी' म्हणून मोकळे होतो, पण संपादकबाईंना छटा हव्या होत्या. त्यातून नियम असा, की उदाहरण स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच हवं. उदाहरणांची कार्डं सोमवारी दिली नाहीत, तर वीस वर्षांचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"बादली भरली की मासे सोडू," बायको म्हणाली. कल्पनेची भरारी, म्हणजे व्हिम्सिकल. कार्ड टेबलाखालच्या खोक्यात गेलं. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू छताला ओल आल्याचं सांगून गेल्या. "त्यांना छत्री नेऊन द्या, तेवढाच शेजारधर्म," बायको कडवट हसली. हे राय. प्लंबरला बोलवायचं राहूनच जात होतं. तो आला तर उदाहरणं आटतील, अशी धास्ती कोशकारांच्या मनात होतीच.

शनिवारी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. "मी दादाकडे चाललेय. नळ दुरुस्त झाला की कळवा." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. कोऱ्या चेहऱ्याने केलेला विनोद, म्हणजे डेडपॅन, आणि इतका अस्सल कोशकारांनी जन्मात ऐकला नव्हता.

"पुन्हा एकदा म्हण ना, शब्द चुकायला नको," ते पेन उघडत म्हणाले.

तिने शब्द न शब्द पुन्हा सांगितला आणि गेली. दुपारपर्यंत ते कौतुकाने हसत तिची वाट पाहत होते.

रविवारी सकाळी नळाची तोटीच निखळली. पाणी थेट टेबलाखाली गेलं आणि कार्डांवरची शाई धुऊन निघाली. लिहिलं की विसरायचं, ही त्यांची कामाची पद्धत, त्यामुळे एक वाक्य आठवेल तर शपथ. ओल्या पायजम्यानिशी ते मेव्हण्याचं घर गाठून बायकोसमोर बसले.

तिला सगळं तोंडपाठ होतं. एकच गाऱ्हाणं पंधरा दिवस सांगणाऱ्या माणसाला ते पाठ होतंच. लिहिता लिहिता कोशकारांच्या ध्यानात आलं, की सगळ्या वाक्यांच्या बुडाशी नळच आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

बायकोने एक चिठ्ठी पुढे केली. सवयीने त्यांनी विचारलं, "ही कुठली छटा?"

"हा प्लंबरचा नंबर आहे."

त्यांनी तिथूनच फोन लावला. संध्याकाळी नळ बसला, बायको घरी आली. डेडपॅनला दुसरं उदाहरण नव्हतं, म्हणून सोमवारी ते कार्डही बाकीच्यांबरोबर गेलं.

बुधवारी तेवढं एकच परत आलं. खाली संपादकबाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, 'उदाहरण बाद. यातली बाई खरंच निघून गेलेली दिसते.'