खालचा थर आधी

माझ्या टपरीमागच्या दगडी भिंतीवर हातोडीचे तीन ठोके देऊन, कान लावून ऐकल्याखेरीज श्रीयुत दाबके बाकावर बसत नसत. भिंत निरोगी निघाली, तरच मला नमस्कार.

बेलापूरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सातवीनंतर शाळा सुटली, परंतु मसुद्यावरील हुकमत सुटली नाही. असे गिऱ्हाईक मात्र विरळच.

हिमालयातील खडकांचे थर नोंदण्याच्या सरकारी नोकरीतून ते निवृत्त झालेले. खिशात तिथलाच एक अभ्रकाने चमचमणारा दगड असे.

"हा मूळचा चिखल, अर्जनवीस! जमिनीच्या पोटात दाबला, भाजला, मग असा झाला. आपला पारसिकचा डोंगर याच्यापुढे कालचा पोरगा. आणि तिथे तर म्हातारे थर तरुणांच्या छातीवर चढून बसलेत. डोंगरावर विश्वास ठेवू नये."

त्यांच्या अर्जातली मागणी एकच होती. दिघ्याला डोंगराखाली राहणाऱ्या सखूबाई या साताऱ्याकडील विधवेस दुसरीकडे घर मिळावे. वर खाणीचे सुरुंग उडत, कड्याला भेग गेलेली. दाबके ती रोज मोजून येत. "काल दोन बोटे. आज अडीच!" पुढे पुढे मीही जेवायला बसण्यापूर्वी घरची भिंत चोरून ठोकू लागलो.

त्यांचा हट्ट असा, की कलमे खालून वर लिहावीत. "खालचा आधी! थरांचा तक्ता असाच मांडतात. सर्वांत जुने ते तळाशी, क्रमांक एक."

"साहेब वरून वाचतात," मी बजावले.

"म्हणूनच फसतात."

तळाचे ते कलम मात्र ते कोरेच ठेवीत. अर्ज दोनदा परत आला. शेरा एकच: कलम एक रिकामे.

अर्जावर अंगठ्यासाठी सोबत येणाऱ्या सखूबाई पदराआड हसत. "दाबकेसायेब लई भित्रे. डोंगूर काय आजच पडतोय व्हय?"

तिसऱ्या खेपेस त्या हसल्या नाहीत. सकाळच्या सुरुंगाने हंड्याएवढा धोंडा त्यांच्या मोरीत येऊन पडला होता. त्या दिवशी दाबके भिंत न ठोकता उभेच राहिले.

"लिहा. कलम एक," ते म्हणाले. "सदर महिलेचा पती भानुदास हा पहाडातील आमच्या तळावर स्वयंपाकी होता. कड्याखाली तंबू लावू का, असे त्याने मला विचारले. मी हातोडी न लावताच म्हणालो, लाव, पक्का आहे."

मी ते टंकयंत्रावर शब्दशः उतरवले. दाबक्यांनी खिशातून काढून बाकावर ठेवलेल्या त्या चमचमणाऱ्या दगडाकडे सखूबाईंनी पाहिले.

"आज मी भनीकडं ऱ्हाते, नेरूळला," त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी दाबक्यांच्या हातातली हातोडी घेतली, भिंतीवर तीन ठोके दिले आणि कान लावला.

"पक्की हाय, सायेब. बसा."